अर्ज भरण्याआधी भाषा मोज

फ्रेंचची सी-वन ही वरची परीक्षा पास झालीस, आता दुभाषी व्हायला जिनिव्हा की पॅरिस, असं विचारलंस. दोन्हीकडचं शिक्षण उत्तम. जिनिव्हा विद्यापीठात 1941 पासून दुभाषी घडतात, पॅरिसच्या एझिट या दुभाषांच्या शाळेत 1957 पासून. पण आधी स्वतःच्या भाषा नीट मोज. या क्षेत्रात भाषांचे तीन गट असतात, सी-वनमधल्या सीशी त्यांचा संबंध नाही: ए म्हणजे मातृभाषेच्या ताकदीची, बी म्हणजे शिकलेली पण जिच्यात बोलून काम करता येतं ती, सी म्हणजे जिच्यातून फक्त समजून घ्यायचं ती. तुझी मराठी अस्सल ए आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत ती नाही. म्हणजे इंग्रजीच त्या ताकदीला न्यावी लागेल. माझी गाडी इथेच अडली होती, फ्रेंचवर नाही.

आजपासून एक कर. सहा मिनिटांचं भाषण ऐक, नोंदी घे आणि उभं राहून इंग्रजीत सांग. वाक्यं लिहू नकोस. कोण, काय करतो, कशाला, हे पायऱ्यांसारखं तिरकं खाली उतरू दे. डावीकडे समास सोड. 'पण', 'म्हणून', 'तरीही' तिथेच. यातला एक शब्द निसटला की वक्त्याचं म्हणणं उलटं होतं. आकडे आणि नावं मात्र कानावर पडताक्षणी लिही. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी नको.

हेडफोन लावून वक्त्याच्या बरोबरीने बोलणं नंतर. दुभाषांच्या काचेच्या खोलीत, म्हणजे बूथमध्ये, साधारण अर्ध्या तासाने जोडीदार माइक घेतो, तेव्हाही तू त्याच्यासाठी आकडे कागदावर उतरवत असतेस. या कामातलं मला सगळ्यात प्रिय तेच.