६० ओडीच्या बुशवरचे तीन रॅम्प: स्वीप कट नंतर, आधी लीड विचारा

तुम्ही टाकलेला ड्रॉइंगचा तुकडा बघितला आणि जुनं दुखणं वर आलं. बुशचा (पोकळ नळीसारखा भाग) ओडी म्हणजे बाहेरचा व्यास ६० मिमी, आयडी म्हणजे आतला व्यास ४०, तोंडावर ९० अंश फिरताना चढणारे तीन रॅम्प (उतार), प्रत्येकाच्या माथ्यावर ३० अंशांचा सपाट भाग, आणि रॅम्पबद्दल माहिती काय तर ‘कोन १२ अंश’. बस. तुम्ही विचारताय की सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) हेलिक्सवर, म्हणजे स्प्रिंगसारख्या रेघेवर, स्वीप कट (आकार रेघेवरून सरकवत घेतलेला काप) मारला की रॅम्पचा तळ पिळल्यासारखा येतो, मधूनच झिरो थिकनेसची (मॉडेलमध्ये कुठेतरी जाडी शून्य) एरर येते, आणि सपोर्टवाले सांगतात वरचं पॅकेज घ्या. पॅकेज घेऊ नका. तुमच्याकडे आहे त्यातच हे होतं. हेलिक्स कसा काढायचा वगैरे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

तुमचा खरा घोळ त्या १२ अंशांत आहे. १२ अंश कुठल्या व्यासावर? गोल जिना आठवा. कठड्याकडून चढलात तर चढ सौम्य, मधल्या खांबाला चिकटून चढलात तर उभा, आणि पायरीची उंची मात्र दोन्हीकडे तीच. रॅम्पचंही तसंच. कोनाचा टॅन्जंट म्हणजे लीड (पूर्ण एका फेरीत होणारा चढ) भागिले परीघ, आणि परीघ व्यासाबरोबर बदलतो. १२ अंश ओडीवर धरले तर लीड येतो ४० मिमी, म्हणजे ९० अंशांत चढ १० मिमी. ५० च्या मधल्या व्यासावर धरले तर लीड ३३.४ आणि चढ ८.३५. आयडीवर धरले तर चढ जेमतेम ६.७. ड्रॉइंग एक, जॉब तीन. माझं स्पष्ट मत आहे की असल्या रॅम्पवर कोन लिहायलाच नको. लीड लिहा, सुरुवातीचा आणि शेवटचा अंश लिहा, विषय संपला. कोन लिहायचाच असेल तर शेजारी व्यास लिहा.

आमचं भोसरीत छोटं शॉप आहे. अगदी असाच जॉब आला होता, लॉकिंग बुश. कोन कुठल्या व्यासावर धरायचा असं मेलवर विचारलं. ग्राहकाच्या ड्रॉइंग ऑफिसचं एका ओळीत उत्तर आलं: ‘प्लीज फॉलो द ड्रॉइंग’. फोन लावला तर ज्याने ड्रॉइंग काढलं तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला, ज्याने सही केली त्याला मीटिंगमधून सवड नाही, आणि खरेदीवाल्यांना फक्त डिलिव्हरीची तारीख हवी. कोनाची बाणरेघ समोरच्या व्ह्यूमध्ये ओडीच्या कडेवर टेकवलेली होती, म्हणून आम्ही ओडी धरला. समोरचा जोडीचा भाग दुसऱ्या व्हेंडरकडे होता, त्याने मधला व्यास धरला. दोघांचेही जॉब आपापल्या तपासणीत पास. असेंब्लीला मात्र दोन तोंडं एकमेकांवर बसेनात, चढात १.६५ मिमीचा फरक. आमचा माल नंतर पोचला होता म्हणून नापास मालाचा लाल टॅग आमच्या क्रेटवर लागला आणि डेबिट नोटही (पैसे कापल्याचा कागद) आमच्याच नावाने फाटली. आमचा मेल दाखवला तर म्हणाले, ‘यात तुम्हाला डेव्हिएशन मिळालेलं नाही.’ अहो, डेव्हिएशन (ड्रॉइंगपासून हटायची परवानगी) मागितलंच कुठे होतं, प्रश्न विचारला होता! पुढच्या ऑर्डरबरोबर ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली. त्यात एक ओळ वाढलेली: लीड ४०. म्हणजे आम्ही केलेलाच. बदलाच्या रकान्यात कारण काय, तर ‘क्लॅरिफिकेशन’. डेबिट नोट मागे घ्या म्हणून केलेल्या मेलला अजून उत्तर नाही. नाव घेत नाही, धंदा करायचाय.

म्हणून सांगतो, नुसतं ‘कुठल्या व्यासावर?’ असं विचारून थांबू नका, तुम्हालाही तीच एक ओळ येईल. मेलमध्ये तिन्ही आकडे लिहा: चढ १०, ८.३५ की ६.७? आणि खाली लिहा की अमुक तारखेपर्यंत कळवलं नाहीत तर १० धरून पहिला पीस करतो. खरेदीवाल्याला सीसीत ठेवा. जोडीचा भाग कोण करतंय तेही विचारून घ्या, जमलं तर त्या व्हेंडरला सरळ फोन लावा. आता हा मेल तुम्हाला कितपत तारेल ते पीओच्या (खरेदी ऑर्डर) अटींवर आणि माणसांवर आहे. मी काही वकील नाही.

आता मॉडेल. पुढचे आकडे लीड ४० धरून आहेत. तुम्ही हेलिक्सला पाथ (स्वीप ज्या रेघेवरून चालतो ती) करता, तिथेच गडबड होते. स्वीप चालताना सॉफ्टवेअर प्रोफाइलला (सरकवायचा आकार) पाथच्या दिशेप्रमाणे स्वतःच्या हिशेबाने वळवतं, आणि जी रेघ कायम केंद्राकडे बघायला हवी ती हळूहळू भलतीकडे बघायला लागते. तो पीळ म्हणजे हाच. पाथ सरळ ठेवा, बुशच्या अक्षावर. प्रोफाइल म्हणून अक्षाला काटकोनात एकच रेघ, अक्षापासून १५ मिमीवर सुरू होऊन ३५ वर संपणारी, म्हणजे आयडी आणि ओडी दोन्हीकडून ५ मिमी बाहेर. यावर सरफेस स्वीप घ्या आणि प्रोफाइल ट्विस्टमध्ये कोन द्या. ९० ऐवजी १०० अंश द्या आणि पाथची लांबी १०च्या जागी ११.११ घ्या, लीड तोच राहतो आणि दोन्ही टोकांना ५-५ अंश जास्तीचे मिळतात. मग बुशच्या तोंडावर ९० अंशांच्या पट्ट्याचं स्केच आणि एक्स्ट्रूड कट (सरळ खोल काप), अप टू सरफेस, म्हणजे त्या स्वीपच्या पृष्ठभागापर्यंत. झिरो थिकनेसची एरर सहसा प्रोफाइलची कड ओडीवर अगदी तंतोतंत बसवल्यामुळे येते, ती इथे येणार नाही. सर्क्युलर पॅटर्नमध्ये (अक्षाभोवती नकला) तीन नग घेताना जिओमेट्री पॅटर्नवर टिक करा, नाहीतर दुसरा-तिसरा कटही त्या पहिल्याच सरफेसला शोधत बसतो. फ्यूजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही स्वीपला ट्विस्ट अँगल आहे, रीत हीच. फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये पाथ हेलिक्सच ठेवणार असाल तर फ्रेने हा पर्याय चालू करा, ते बंद असलं की तुमचाच पिळलेला तळ दिसेल.

चेक सोपा आहे. कुठल्याही एका अंशावर रॅम्पची उंची आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेला मोजा. दोन्हीकडे तोच आकडा आला पाहिजे. लीड ४० असला की दर ९ अंशांना बरोबर १ मिमी चढ येतो, त्यामुळे रोटरी टेबलवर (फिरतं टेबल) डायल (मापाचं घड्याळ) लावून प्रत्यक्ष जॉब तपासणंही सोपं जातं. घाईत असाल तर कागदाचा त्रिकोण कापा, पाया ४७.१२ मिमी, उंची १०, आणि ओडीवर गुंडाळून बघा. आमचा जुना फिटर अजून तेच करतो आणि त्याचं क्वचितच चुकतं.

इथपर्यंत झालं की मॉडेल शुद्ध होतं. मशीनवर मात्र वेगळीच गंमत होते आणि ती सपोर्टवाला कधीच सांगणार नाही. जॉब फिरवणाऱ्या फोर्थ अ‍ॅक्सिसवर एंडमिल (दांड्यासारखा फिरता कटर) केंद्राच्या रोखाने उभा धरून रॅम्प कापला की कटरची बाजू आतल्या कडेला जास्त खाते, कारण आत कोन उभा आहे. बाहेर १२ अंश, आत १७.७. कटरची त्रिज्या भागिले कोनाचा कोसाइन, एवढं अंतर अक्षाच्या दिशेने खाल्लं जातं. १० मिमीच्या एंडमिलला ते बाहेर ५.११ आणि आत ५.२५ येतं. म्हणजे आतली कड साधारण ०.१४ मिमी खाली. ६ चा एंडमिल घेतला तर फरक ०.०८ वर येतो. दोन्ही भाग असेच कापले तर ब्ल्यू (संपर्क दाखवणारी निळी शाई) लावून घासल्यावर निळा फक्त बाहेरच्या कडेला बारीक पट्टीसारखा उठतो. हाताने फिरवायचं साधं लॉक असेल तर चालून जातं. भार घ्यायचा असेल तर छोट्या कटरने फिनिश करा किंवा ग्राहकाकडून तेवढी सूट लेखी घ्या. तुमचा भार किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे यापुढे मी बोलत नाही.

प्रोग्रॅमरला स्टेप फाइल (मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची फाइल) देऊन मोकळे होऊ नका. स्टेपमध्ये हेलिक्सची स्प्लाइन (अंदाजे वक्र) होऊन बसते आणि कॅम (मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) त्याचे शेकडो बारके तुकडे करतो, जॉबवर पैलू उठतात. खरं तर हा एका ब्लॉकचा (प्रोग्रॅमच्या ओळीचा) खेळ आहे: ए (फिरणारा अक्ष) ९० अंश फिरताना एक्स (सरळ अक्ष) १० मिमी सरकतो. फीडचं (कटर सरकण्याचा वेग) मात्र तुमच्या कंट्रोलचं मॅन्युअल बघूनच ठरवा. काही कंट्रोल अशा ब्लॉकमध्ये अंश प्रति मिनिट धरतात, काहींवर जी ९३ (फीड वेळेच्या हिशेबाने देणारा कोड) लावावा लागतो. माझ्या भरवशावर पहिला पीस घेऊ नका, हवेत ड्राय रन घ्या.

आणि हो, तुमच्या मॉडेलमध्ये रॅम्पचा पायथा आणि मागची उभी भिंत यांचा कोपरा धारदार दिसतोय. एंडमिल तिथे स्वतःची त्रिज्या सोडणार, ६ च्या कटरला ३ मिमी. ती मॉडेलमध्ये आत्ताच टाका आणि समोरच्या भागाच्या टोकाला त्याहून थोडी मोठी चॅम्फर (तिरकी कापलेली कड) मागून घ्या, नाहीतर लॉक पूर्ण खाली बसणारच नाही.