मॅगपाय पक्षी खरंच चमकदार वस्तू चोरतो का?

नाही. युरोपात ही समजूत फार जुनी आहे, पण 2014 साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने ती तपासली. शेंगदाण्यांजवळ स्क्रू, फॉइलच्या छोट्या रिंगा आणि फॉइलचे तुकडे ठेवले. काही चकचकीत, काही निळा मॅट रंग दिलेले. 64 चाचण्यांत पक्ष्यांनी चकचकीत वस्तू फक्त दोनदा उचलली, तीही लगेच टाकून दिली. उलट अशा वस्तू शेजारी असल्या की ते बिचकत आणि कमी खात. अनोळखी वस्तूची भीती, एवढंच.

घरट्यातही खजिना नसतो. बाहेर काटेरी काटक्यांचा घुमट, बाजूला दार, आत चिखलाने लिंपलेली वाटी आणि तिच्यात बारीक मुळांचं अस्तर. घुमट असतो तो कावळ्यांपासून अंडी वाचवायला. हे बांधकाम पाहण्यासारखं असतं!

ब्रिटनमध्ये एकटा मॅगपाय दिसणं अपशकुन मानतात. चीन-कोरियात मात्र तो शुभवार्ता आणतो. भारतात पाहायचा तर लडाखला जा, लेहच्या आसपासच्या गावांत दिसतो. महाराष्ट्रात तो नाही. इथे त्याचा नातलग टकाचोर भेटेल.