लिथियमची पातळी 1.3 आली? आधी सांगा, रक्त किती वाजता काढलं

तुम्ही लिहिलंय की आईंना बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य येणारा आजार) आहे आणि त्यासाठी 450 मिलिग्रॅमची एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, लिथियमची गोळी सकाळी एक, रात्री एक चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी फिजिशियननी बीपीची गोळी बदलली, मीठ बंद करायला सांगितलं. आता हात थरथरतात आणि रक्तातली लिथियमची पातळी 1.3 (mmol/L) आली. मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात बीपीचं बघा, फिजिशियन म्हणतात हे मेंदूच्या औषधाचं आहे, आणि भाऊ म्हणतो लिथियमच बंद करू. वाचून राहवलं नाही, कारण याच पेचात आमचं घर सापडलं होतं. मी डॉक्टर नाही. डोस कमी-जास्त करणं त्यांचंच काम, हे धरूनच पुढचं वाचा.

आकडा नंतर, आधी आईंकडे बघा. बोटांची बारीक थरथर पातळी योग्य असतानाही होते. पण थरथर मोठी आणि झटक्यांची असेल, उलट्या-जुलाब होत असतील, चालताना तोल जात असेल, जीभ जड झाली असेल किंवा सारखी गुंगी असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आजच मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, सगळ्या पट्ट्या सोबत घ्या आणि पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. वय झालेल्यांना 1.5 च्या खालीही विषबाधा होऊ शकते.

आता आकड्याकडे. लिथियमची पातळी मोजायची ती शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी. 0.6 ते 0.8 किंवा 1.0 पर्यंत हे जे सगळे सांगतात, ते याच 12 तासांच्या रक्ताला लागू आहे. रात्रीची गोळी नऊला घेतली तर रक्त सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. आईंनी साडेसातला नेहमीसारखी गोळी घेतली असेल आणि नऊला घरी येऊन रक्त नेलं असेल, तर त्या आकड्यात नुकत्याच पोटात गेलेल्या गोळीची भर आहे. तो खरा असला तरी निर्णयाच्या उपयोगाचा नाही. आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. लॅबने 'उपाशीपोटी' एवढंच सांगितलं (लिथियमसाठी उपाशी राहायची गरजच नसते!), शेवटची गोळी कधी घेतली ते विचारलं नाही, रिपोर्टवर वेळ छापली नाही. त्या आकड्यावर डोस उतरवला गेला आणि आजार उलटला. नंतर विचारायला गेलो तर काउंटरवरून उत्तर आलं, 'आमचं मशीन बरोबर आहे.' मशीनबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. याचा राग मला आजही येतो, कारण फॉर्मवर 'शेवटचा डोस किती वाजता' ही एक ओळ असती तरी पुरलं असतं.

दुसरी शंका नळीची. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं. त्यात रक्त घेतलं तर कधी लिथियम न घेतलेल्या माणसाचीही पातळी दिसते. लाल टोपणाची साधी नळी मागा, आणि त्याच रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी), सोडियमही करून घ्या.

पण वेळ आणि नळी दोन्ही बरोबर असतील, तर मात्र संशय बीपीच्या गोळीवरच. पट्टीवर नावापुढे 'एच' आहे का बघा. म्हणजे सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं, थायझाइड जातीचं औषध आहे. हे आणि क्लोरथॅलिडोन मूत्रपिंडाला लिथियम बाहेर टाकू देत नाहीत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांनीही पातळी चढते. त्यात मीठ एकदम तोडलं की शरीर सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही धरतं. म्हणजे एकाच चिठ्ठीत दोन-तीन धक्के. अॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा असा त्रास सहसा नसतो. 'तसा पर्याय चालेल का' हे फिजिशियनना सरळ विचारा.

डॉक्टर एकमेकांशी आपणहून बोलतील ही आशा सोडा, बोलायला लावा. माझं ठाम मत आहे की तोंडी निरोप्या होऊ नये, त्यात अर्धं गळतं. एक कागद करा : औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ, कोणी, कोणत्या तारखेपासून. खाली पातळ्यांचा तक्ता : तारीख, शेवटची गोळी किती वाजता, रक्त किती वाजता, आकडा, क्रिएटिनिन. दोघांना हाच कागद दाखवा आणि फिजिशियनना चिठ्ठीवर लिहायला सांगा, 'रुग्ण लिथियमवर आहे, बीपीसाठी अमुक सुरू केलं, पातळी तपासावी.' लेखी आलं की कुणी टाळत नाही. बीपीची गोळी किंवा लिथियमचा डोस बदलला की साधारण आठवड्याने पातळी करायची. थायझाइडसारखी गोळी असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा.

जुने कागद हॉस्पिटल देत नसेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 25 दाखवा; आपली वैद्यकीय नोंद मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. आई बऱ्या असतानाच त्यांच्याकडून कलम 14 खाली तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात त्यांना साथ देणारी व्यक्ती) म्हणून साध्या कागदावर सहीनिशी नेमून घ्या. आजार चढल्यावर हे सुचत नाही आणि जमतही नाही.

भावाला एवढं सांगा : विषबाधेची शंका असेल तर लिथियम थांबवायला डॉक्टरच सांगतील. त्याशिवाय एकदम तोडलं तर उन्माद उसळण्याचा धोका मोठा असतो. बंद करायचंच ठरलं तरी निदान चार आठवडे, जमल्यास तीन महिने हळूहळू उतरवतात.

गुडघेदुखीला आई काय घेतात, तेही बघा. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आहे, डायक्लोफेनॅकही त्याच जातीचं. दोन्हींनी पातळी चढते. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं. निर्जळी एकादशी नको. उन्हाळ्यात जुलाब लागले तर ओआरएस द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली तर एसआर लिहिलंय का ते वाचा. साधी आणि एसआर एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

1.3 आलेलं रक्त दिलं त्या दिवशी सकाळची गोळी कधी घेतली होती, तेवढं आईंना विचारून इथे लिहा. आणि बीपीच्या पट्टीवरचं पूर्ण नाव.