कुरिअरमधे दोन तुकडे झालेला नाइटिया माशाचा जीवाश्म जळगावात घरी कसा जोडू? फेविक्विक चालेल का?

फेविक्विक नको भाऊ, सांधा जरा तिरका बसला की सुटता सुटत नाही. पॅरालॉइड बी-७२ ही गोंदासारखी वापरायची अ‍ॅक्रिलिक राळ मागवा, अ‍ॅसिटोनमधे विरघळवून मधाइतकं घट्ट करायचं, चुकलं तर अ‍ॅसिटोननेच परत मोकळं होतं. पण आपल्याकडच्या मे महिन्यात अ‍ॅसिटोन ब्रशवरच उडून जातं अन सांध्यात बुडबुडे राहतात, म्हणून पहाटे करा, कूलर बंद ठेवून, गॅसपासून लांब. आधी कडांवरची भुकटी मऊ ब्रशने झाडा, पाणी लावू नका, अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर भागातला हा दगड पातळ थरांचा असतो, पापुद्रे सुटतात. जोडलेला तुकडा वाळूच्या ताटात उभा टेकवून सुकू द्या. उडालेले काटे मात्र रंगवत बसू नका, ५ कोटी वर्षांच्या माशाला मेकअप कशाला, तिथे दगडाच्या रंगाची पुट्टी पुरे.