फॉलोअप ओपीडीला बसण्याआधी हे वाच

तुझा मेसेज वाचला. तोंडाच्या कॅन्सरची फॉलोअप ओपीडी लागलीये आणि तुला वाटतंय तिथे शिकण्यासारखं फारसं नसतं, तोंड बघायचं, मान चाचपायची, पुढची तारीख द्यायची. तसं करणारे आहेतच आणि भोगतो पेशंट, म्हणून जरा मोठंच लिहितेय.

कॅन्सर परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी २ ते ६, मग पाचव्या वर्षापर्यंत ४ ते ८ आणि पुढे वर्षातून एकदा, हे तुला पाठ असेलच. पण तपासताना फ्लॅप, म्हणजे कापलेल्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून बसवलेला तुकडा, जिथे तोंडाच्या मूळ अस्तराला जोडलाय ती कड नुसती बघू नकोस, ग्लोव्ह घालून बोट फिरव, टणकपणा कधीकधी डोळ्याआधी बोटाला कळतो. नव्याने दुखतंय किंवा त्याच बाजूचा कान ठणकतोय असं कोणी म्हणालं तर आधीचा स्कॅन क्लीन असला तरी हलकं घेऊ नकोस. आणि रेडिएशननंतर पेट स्कॅनला, म्हणजे जास्त साखर खेचणारा भाग चमकून दाखवणाऱ्या स्कॅनला, साधारण १२ आठवडे थांब, घाई केली तर सूजच चमकते आणि घरचे उगाच हादरतात.

आता जबडा. मला विचारशील तर सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. प्रत्येक भेटीत तोंड पूर्ण उघडायला लावून पट्टीने वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोज आणि केसपेपरवर आकडा लिही, ३५ मिलिमीटर किंवा त्याखाली आलं की ट्रिसमस, म्हणजे तोंड पुरेसं न उघडणं, धरायचं. ते एकदम होत नाही ना, थोडं थोडं होतं, पेशंट नकळत घास छोटे करतो, मग पातळ खायला लागतो आणि एक दिवस ब्रशच आत जात नाही. लाळ आधीच आटलेली, त्यात ब्रश नाही म्हणजे दात भराभर किडणार, मग कोणीतरी रेडिएशन झालेल्या भागातला दात काढतो, जखम भरत नाही आणि हाड उघडं पडून मरायला लागतं. ही भीती वर्षांनंतरही जात नाही, म्हणून प्रत्येकाला कागदावर लिहून दे की कुठल्याही डेंटिस्टकडे गेलात तरी दात काढायच्या आधी रेडिएशनचं सांगा आणि आम्हाला फोन करा. रोजचं फ्लोराइड सुरू ठेव. जबड्याचे व्यायाम नुसते सांगू नकोस, समोर बसवून करून घे, दुखतात म्हणून घरी सोडून देतात लोक.

वजन दर वेळी कर. पाणी पिताना ठसका लागतो का विचार, पण ठसका नाही म्हणून निश्चिंत होऊ नकोस, रेडिएशननंतर घशाची जाणीव कमी झालेली असू शकते आणि पाणी न खोकताच श्वासनलिकेत उतरतं, छातीत सारखं इन्फेक्शन होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घे. मानेच्या गाठी काढल्या असतील तर हात बाजूने वर करायला लाव, खांदा उतरलेला दिसला तर लगेच फिजिओकडे. मानेला रेडिएशन मिळालं असेल तर दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कर, थकवा आणि उदासी आजारामुळेच असं सगळे धरून चालतात आणि थायरॉइड राहून जातं.

तंबाखूचं विचारायचंच, पण दरडावून नाही. स्लॉटर नावाच्या सर्जनने १९५३ मध्येच दाखवलं होतं की गाठीभोवतालचं वरून ठीक दिसणारं अस्तरही बिघडलेलं असतं, त्यामुळे तोंडात दुसरीकडे नवा कॅन्सर उठू शकतो आणि तंबाखू चालू राहिली तर धोका वाढतोच. पण परत सुरू केली हे कळल्यावर तू ओरडलं तर पुढच्या वेळी तो खोटं सांगेल, त्याच्या पुढच्या वेळी येणारच नाही. सोडायला मदत काय हवी ते विचार, परत परत विचार.

अजून एक, जीभ कापलेल्या माणसाला बोलायला वेळ लागतो म्हणून शेजारी बसलेले नातेवाईकच उत्तरं देतात, त्यांना थांबव. झोप लागते का, चारचौघात जेवायला बसता का, हे पेशंटकडूनच ऐक, या लोकांमध्ये डिप्रेशन खूप असतं आणि स्वतःहून कोणी सांगत नाही.

ओपीडी संपली की तारखेला न आलेल्यांची नावं काढ आणि त्याच दिवशी फोन लाव, कित्येकदा नवीन काहीतरी दिसलेलं असतं आणि घाबरूनच आलेले नसतात. ज्यांना फोनवर बोलणं जमत नाही त्यांना मेसेज कर आणि घरच्यांचा नंबर पहिल्याच भेटीत घेऊन ठेव.