इंग्लंडला जाऊन रेसिंगवर लिहायचंय म्हणतोस, तर हे वाच

तू लिहिलंयस की इंग्लंडमधल्या एका मोटरस्पोर्ट वेबसाइटशी बोलणं चालू आहे, बायको आणि सहा वर्षांची मुलगी सोबत येणार, तर जाऊ का, आणि पॅडॉकमधलं, म्हणजे ट्रॅकमागे टीम आणि पत्रकार वावरतात तिथलं, आयुष्य खरंच कसं असतं. अरे-तुरे करतेय, चालेल ना, वयाने लहान वाटतोस. दोन ओळींत उत्तर देऊन उठणार होते, पण प्रश्न वाचला आणि आत काय काय वर यायला लागलं, त्यामुळे हे लांबणार आहे. व्हिसाचे पॉइंट, बँकेत किती शिल्लक हवी वगैरे सरकारी साइटवर नीट लिहिलंय, ते तिथेच वाच.

देश बरोबर निवडलायस. फॉर्म्युला वनच्या टीमच बघ, मॅक्लारेन वोकिंगला, विल्यम्स ग्रोव्हला, मर्सिडीज ब्रॅकलीला, रेड बुल मिल्टन कीन्सला, ॲस्टन मार्टिनची फॅक्टरी तर सिल्व्हरस्टोन ट्रॅकला लागूनच. पण या फॅक्टऱ्यांच्या जवळ राहून पत्रकाराला फार काही मिळतं असं समजू नकोस, गेट बंदच असतं, बोलावलं तरच आत. इंग्लंडचा खरा फायदा वेगळाय. जवळपास दर वीकेंडला कुठेतरी क्लब रेसिंग असतं, ब्रँड्स हॅच, स्नेटरटन, ओल्टन पार्क, थ्रक्स्टन, आणि तिथे कोणीही ड्रायव्हरशी जाऊन बोलू शकतं, मेकॅनिक हात पुसत पुसत तुला गिअरबॉक्स का गेला ते सांगतो, मध्ये प्रेस ऑफिसर उभा नसतो. फॉर्म्युला वनमध्ये तो असतोच, आणि तोही स्वतःचा रेकॉर्डर चालू करून. म्हणून सुरुवातीला एक-दोन सीझन हे कर, पावसात कुंपणाला टेकून उभं राहून कर. जुन्या काळात डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार १९५५ च्या मिले मिलियाला, म्हणजे इटलीतल्या साध्या रस्त्यांवरच्या रेसला, ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसच्या शेजारी गाडीत बसला, रस्त्याच्या नोट्सची गुंडाळी फिरवत, आणि ती रेस ते दोघं जिंकले. आपल्याला तसं काही करायला मिळणार नाही, पण गाडीच्या जवळ असलेला माणूस वेगळं लिहितो एवढं खरं.

पॅडॉकचं म्हणशील तर लोकांना वाटतं आपण रेस बघतो. आपण मीडिया सेंटरमध्ये बसून स्क्रीन बघतो, घरी सोफ्यावर बसलेला माणूस जे बघतो तेच, फक्त शेजारी लाइव्ह टायमिंग आणि टीम रेडिओ चालू असतो आणि मागे कोणीतरी इटालियनमध्ये ओरडत असतो. गुरुवारी ड्रायव्हर पत्रकारांसमोर बसतात, वीस जण तेच तेच विचारतात. शुक्रवारी सरावात गाड्या सलग बरेच लॅप मारतात, त्या लाँग रनचे लॅप टाइम वहीत उतरवून काढायचे, कारण रविवारी काय होणार ते त्यात बऱ्यापैकी दिसतं, आणि हे काम कंटाळवाणं असल्यामुळे फार जण करत नाहीत, तू कर. रविवारी चेकर्ड फ्लॅग पडताना रिपोर्ट तयार पाहिजे. आणि मग २०२४ चं स्पा होतं. मर्सिडीजचा रसेल टायर बदलायला एकदाच थांबून जिंकला, सगळ्यांनी त्या धाडसावर लिहून टाकलं, आणि नंतर कळलं गाडी नियमातल्या किमान वजनापेक्षा दीड किलो कमी भरली. डिस्क्वालिफाय. विजेता हॅमिल्टन. लिहिलेलं सगळं फेकून पहिल्यापासून लिहा. स्टुअर्ड्सचा, म्हणजे रेसच्या पंचांचा, निर्णय यायला कितीही वेळ लागू शकतो, त्यामुळे रविवार रात्रीची फ्लाइट कधीच बुक करायची नाही.

आता कागदपत्रं. इथे मी जरा तापणार आहे.

ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. म्हणजे तू इंग्लंडमध्ये नोकरी करतोयस, टॅक्स भरतोयस, तरी आपल्या पासपोर्टवर बार्सिलोना, स्पा, बुडापेस्ट, मोंझा सगळ्यासाठी शेंगेन व्हिसा लागणार. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, पण अपॉइंटमेंट, बँक स्टेटमेंट, ऑफिसचं पत्र, हॉटेल बुकिंग हे दर वेळी नव्याने. आणि नेमका मध्येच कॅलेंडरमध्ये कॅनडा घुसतो, पासपोर्ट एका कॉन्सुलेटमध्ये पडलेला आणि दुसरा व्हिसा अजून काढायचाय. ब्रिटिश सहकारी युरोपातल्या रेसला खिशात पासपोर्ट टाकतो आणि निघतो. अमेरिकेला मात्र त्यालाही पत्रकार म्हणून आय व्हिसा काढावा लागतो, मायामी, ऑस्टिन, लास वेगस तिन्हीसाठी, तेव्हा मला उगाच बरं वाटतं, काय करू.

पण खरं डोकं फिरतं ते नागरिकत्वाच्या नियमाने. पाच वर्षांत देशाबाहेर ४५० पेक्षा जास्त दिवस नको. म्हणजे वर्षाला सरासरी ९०. आता २०२४ चं कॅलेंडर घे, २४ रेस, त्यातली ब्रिटनमध्ये एक. बुधवारी निघालास सोमवारी परतलास, जायचा-यायचा दिवस धरत नाहीत, तरी चार पूर्ण दिवस गुणिले २३ म्हणजे ९२. सीझनआधीचं गाड्यांचं टेस्टिंग त्यात नाही. आईवडिलांना भेटायला जाणं त्यात नाही. अधिकाऱ्याला सूट देता येते, पण ती त्याची मर्जी. पाच वर्षांच्या प्रत्येक प्रवासाची तारीख फॉर्ममध्ये भरायची, मी जुने रेस रिपोर्ट उघडून तारखा काढल्यात. हे लोक म्हणतात इथेच राहतेस हे दाखव, आणि माझं काम म्हणजे इथे नसणं. नियम बदलत राहतात, तेव्हा तुझ्या वेळचे आकडे बघून घे. आणि अजून एक, व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. या धंद्यात निम्मे लोक फ्रीलान्स, वेबसाइटी विकल्या जातात, बंद पडतात, आणि तुला तसं नोकरी सोडून फ्रीलान्स होता येणार नाही. हे ऑफर घेताना कोणी बोलत नाही.

मुलीच्या शाळेबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, म्हणून मी जास्त लिहिते. तिकडे कुठल्या वर्गात बसायचं ते वयावरून ठरतं, १ सप्टेंबर ही रेघ. माझी मुलगी ऑगस्टच्या शेवटाची, त्यामुळे वर्गात सगळ्यात लहान, जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांबरोबर. आम्ही वर्षाच्या मध्ये पोचलो तर जवळची शाळा भरलेली, जिथे जागा तिथे टाकलं. तिला इंग्रजी नीट वाचता यायचं, तरी नाव बघून की काय, इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या टेबलावर बसवलं आणि चित्रं दाखवून शब्द म्हणायला लावले, कित्येक आठवडे. ती घरी येऊन काही बोलायची नाही, एक दिवस मलाच चित्र दाखवून विचारायला लागली. अजून आठवलं की चिडचिड होते.

आणि फोन. फॉर्ममध्ये पहिला नंबर नवऱ्याचा, तो घरून काम करायचा, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. तरी ताप आला की फोन मला. ऑस्ट्रियात स्पीलबर्गला, क्वालिफायिंगच्या आदल्या दुपारी, सेशन चालू, ऑफिसातली बाई विचारतेय की आई कधी येऊ शकेल. मी म्हटलं वडील आहेत ना. ती म्हणाली हो, पण आई? तू पुरुष आहेस, तुला हा फोन येणार नाही. तो तुझ्या बायकोला येईल.

सुट्ट्यांचं गणित पण आत्ताच लावून ठेव. शाळेला मोठी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि फॉर्म्युला वनचा ब्रेक ऑगस्टमध्ये. जुळतात ते काय आठवडे तेवढेच. ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला, म्हणजे टर्मच्या मधल्या आठवड्याच्या सुट्टीत, तू अमेरिका किंवा मेक्सिकोत असणार. टर्म चालू असताना मुलीला रेसला नेतो म्हणशील तर शाळा परवानगी देत नाही, दंड लावू शकतात.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. मीडिया सेंटरमध्ये तीच माणसं वर्षभर भेटतात, वेळ जातो, त्याचा बाऊ करू नकोस.

त्यापेक्षा जे मला टोचतं ते सांगते, नवऱ्याला हे मी कधी सांगितलेलं नाही. ट्रॅकवर असताना मला घर आठवत नाही. लाल दिवे विझून रेस सुरू होते तेव्हा मुलगी, शाळा, फॉर्म, काहीही नसतं डोक्यात, दोन तास मी इतकी सुखी असते की विमानात बसल्यावर अपराधी वाटायला हवं म्हणून मी तिचे फोटो काढून बघते. हे चांगलं का वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. जाऊ का म्हणून तू विचारतोस, तर पुन्हा ठरवायचं असतं तर मी गेले असते का याचं उत्तर महिन्यागणिक बदलतं.

ऑफर लेटर आलं की एवढं बघ: वर्षाला किती रेस ट्रॅकवरून आणि किती घरून टीव्हीवर बघून लिहायच्या, शेंगेन आणि बाकी व्हिसाचा खर्च कोणाचा, आणि एफआयएच्या, म्हणजे रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या, ऍक्रेडिटेशनसाठी (पत्रकाराच्या पाससाठी) ते तुझं नाव पाठवणार की फक्त वरिष्ठांचं. हे लेखी घे. आणि तुझ्या एवढ्या मोठ्या प्रश्नात बायकोला तिकडे काय करायचंय ते कुठेच दिसलं नाही. तिला डिपेंडंट व्हिसावर काम करता येतं, पण कुठलं काम, आणि तू तीन रेस सलग बाहेर असताना शाळेचा फोन घेत घेत ते कसं करणार, हे तिला विचारलंयस का?