संगणकाच्या तासाला कडक राहावं की मुलांना मोकळं सोडावं?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या शाळेत आठवी-नववीला संगणक शिकवायला लागलाय. कडक राहिलं की मुलं गप्प, सैल सोडलं की गोंधळ. मग मुलांची प्रगती कशाने होते, असा तुमचा प्रश्न. मी कळव्याला बरीच वर्षं हाच विषय शिकवतेय.

सुरुवातीला मी फार कडक होते. लेखी परीक्षेत मुलांना छान गुण पडायचे, म्हणून वाटायचं की बरोबर चाललंय. पण प्रात्यक्षिकाला फळ्यावरच्याच प्रोग्राममधली एखादी अट बदलून दिली, की सगळ्यांचे हात थांबायचे. नववीतली एक मुलगी मी तिच्या रांगेत आले की पटकन विंडो मिनिमाइज करायची. एकदा मी मागून जाऊन पाहिलं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘इफ’ या अटीखालची ओळ तिने आत सरकवली नव्हती, चूक एवढीच. मी ओरडेन म्हणून ती चूक तीन तास तिने लपवून ठेवली होती. ते तीन तास माझ्यामुळे वाया गेले, याचं आजही वाईट वाटतं. प्रोग्राम पहिल्या फटक्यात क्वचितच चालतो. एरर वाचून चूक शोधणं हाच तर आपला विषय, आणि माझ्या वर्गात तोच भीतीचा झाला होता.

मग सगळं सैल सोडून पाहिलं. एका मशीनवर दोघं बसायची. ज्याच्या घरी लॅपटॉप, त्याच्याच हातात माऊस. शेजारचा वर्षभर नुसता बघत राहिला. नुकसान त्याचंच झालं, आणि ते माझ्या लक्षात आलं थेट प्रात्यक्षिकाच्या दिवशी.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर केलेले प्रयोग 1939 मध्ये प्रसिद्ध झाले. हुकूमशाही पद्धतीच्या गटात मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम थंडावायचं. सगळ्यांशी बोलून काम ठरवणाऱ्या गटात ते चालू राहायचं. पूर्ण मोकळ्या सोडलेल्या गटात काम सगळ्यात कमी झालं. लॅबमध्ये तर आपण दर दोन मिनिटांनी ‘बाहेर’च असतो, कारण एका मशीनवर वाकलो की बाकी सगळ्यांकडे पाठ.

आता मी वेळ आणि मशीन याबाबतीत कडक आहे. दर दहा मिनिटांनी टाळी वाजवते, की जोडीतल्या दोघांनी आपापसात जागा बदलायचीच. मी बोलताना मॉनिटर बंद. दुसऱ्याच्या फायलीला हात लावायचा नाही. चुकीवर मात्र आवाज चढवत नाही. अडलं की मुलं मॉनिटरवर लाल पेला ठेवतात. आधी एरर मोठ्याने वाचायची, शेजाऱ्याला विचारायचं, मग मला. आणि मुलांच्या माऊसला मी हात लावत नाही. हे सगळ्यात अवघड जातं, कारण आपण ती चूक दोन सेकंदांत दुरुस्त करू शकतो.

तुम्ही येत्या सोमवारी फक्त जागा बदलण्याचा नियम लावा. पहिले दोन आठवडे आवाज वाढेल, शेजारच्या वर्गातून तक्रारही येईल. मुख्याध्यापकांना तेवढं आधीच सांगून ठेवा.